ओळ चारशे बारा

देवगडच्या धक्क्यावर मच्छीमार संस्थेचं डिझेल-ऑफिस.
खाली टाकी, वर पत्रा, मधे माझा प्रोग्रॅम.
बारा वर्षं चाललाय. म्हणजे
रोज साडेदहाला बंद पडतो,
बाबल शिपाई बटण दाबून त्याला झोपवतो, परत उठवतो,
आणि रांगेतल्या तांडेलांना सांगतो, "दमलां तां."

दमलं नव्हतं.
डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या वीस.
काम नीट झालं की माझा कोड जोडणी परत करायचा,
बिनसलं की तसाच बाहेर पडायचा,
नळ चालू, दार उघडं.
विसावी अडकली की अख्खं बंदर उभं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची.
परतीची ओळ उचलून अशा जागी ठेवायची
की कुठल्याही वाटेने बाहेर पडा, तिच्यावरूनच जावं लागेल.
रापणकरांना हे कुणी शिकवत नाही.
टोपल्या भरून पेडवे येवोत की नुसतं शेवाळ,
जाळं धुतल्याशिवाय घरी जायचं नसतं.

चहा येईपर्यंत मी खाली खाली सरकत गेलो.
ओळ चारशे बारा.
चूक झाली तर, असं लिहून पुढे
दोन महिरपी कंस.
मधे काही नाही.
मीच लिहिलेले.
कणकवलीची शेवटची एसटी गाठायची होती तेव्हा,
स्क्रीनवर लाल अक्षरं नको होती,
म्हणून.

आधी साठा वजा, मग रोकड जमा.
दोन्ही एका गाठीत बांधायला हवं होतं,
झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.
बांधलं नव्हतं.
मधेच लाईन तुटली की साठा गेलेला, रोकड नाही,
आणि चूक त्या महिरपींत शिरून
गप्प.

शोधलं तर सापडलं.
होडी तीच, लिटर तेच, एकशे ऐंशी,
दोन नोंदींत चाळीस सेकंद.
पावती छापून आली नाही, तांडेल काउंटरवर ताटकळला,
म्हणून रत्नप्रभा कोयंडेने पुन्हा भरली.
हिशेबात एकशे ऐंशी लिटरचे पैसे कमी.
सात महिने तिच्या पगारातून कापले,
आठव्या महिन्यात तिनेच यायचं सोडलं.
तेव्हा मला बोलावलं होतं. मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो,
मशीन आकडे खात नाही, वहिनी.

तारामुंबरीला ती खळ्यात गोलमा वाळवत बसली होती.
मी सांगितलं. जोडण्या, कंस, चाळीस सेकंद,
नको तितकं सांगितलं.
तिने कावळ्यावर खडा टाकला.
"मगे तां डिझेल व्हतां खंय?"
टाकीतच.
"तेवाच सांगलंय मियां, टाकीत काठी घालून बघा म्हणान."
आणि गोलमा उलटायला लागली,
एका कडेने, हाताच्या पंज्याने,
मी अजून बसलोय हे विसरल्यासारखी.

अर्धवट राहिलेलं मागे घेता येतं.
कायम झालेलं नाही, त्याला उलटी नोंद लागते,
वेगळ्या तारखेची, वेगळ्या शाईची.
सेक्रेटरी मालंडकर म्हणाले,
ऑडिट झालेलं वर्ष उघडता येत नाही.
कारणांच्या यादीत गळती आहे, बाष्पीभवन आहे,
कर्मचाऱ्याची चूक आहे.
माझं कारण मी चौथं म्हणून जोडलं,
माझ्या नावानिशी.
सही अजून व्हायचीय.

महिरपींत आता तीन ओळी आहेत.
काय झालं ते लिही.
हातातलं सोड.
आणि झालं नसेल तर झालं म्हणू नकोस.
ह्याच क्रमाने. कारण आवरता आवरता दुसरी चूक झाली
तर ती पहिलीवर जाऊन बसते,
आणि मग वर्षानुवर्षं आपण दुसरीलाच शिव्या देतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाबल आला,
सवयीने बोट पुढे.
पंख्याचा आवाज चालू, पावत्या येत होत्या.
बोट तसंच ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.
"आज दमूक नाय तां?"